डोक्यावरून पाणी
शिकेकाईने न्हाऊ इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी

पायरी पहिली: माणूस

सगळ्यात आधी एक माणूस मिळवा. शिकेकाईचं नंतर बघू.

केसांच्या नैसर्गिक निगेबद्दल हल्ली जी मार्गदर्शनं मिळतात, त्यांतली साहित्याची यादी शिकेकाईपासून सुरू होते आणि तांब्याच्या भांड्याशी संपते. माणूस कुणी लिहीत नाही. त्याची उणीव नवशिक्याला पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला जाणवते. डोकं पुढे झुकलेलं, डोळे गच्च मिटलेले, एक हात टाळूवर, दुसरा मानेमागच्या गुंत्यात, आणि आता तांब्या उचलायचा आहे. हात मोजून बघा.

मराठीला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. न्हाणं एकट्याला जमतं, न्हाऊ घालायला दोघं लागतात. शॅम्पूने माणूस आपला आपण न्हातो. शिकेकाईने त्याला न्हाऊ घालावं लागतं.

माणूस निवडताना एवढं पाहा: त्याची नखं कापलेली असावीत, पाण्याचा अंदाज असावा आणि मनात तुमच्याबद्दल जुना राग नसावा, कारण पुढची वीस मिनिटं तुमचं डोकं त्याच्या ताब्यात असणार आहे. डोक्यावर मिरे वाटणारी माणसं प्रत्येकाच्या घरात असतात, त्यांना या कामाला बोलावू नये. नवरा चालतो, पण तो दर तांब्यामागे 'झालं का?' असं विचारतो. बहीण उत्तम. जाऊ चालेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आई सर्वांत चांगली, मात्र आईच्या हाताखाली मान हलवायची परवानगी नसते.

पायरी दुसरी: दुकान

काष्ठौषधीच्या दुकानात जा. पुण्यात मंडईच्या आसपास आहेत, मुंबईत दादरला आहेत, आणि कुठल्याही जुन्या गावात बाजारपेठेच्या जरा आतल्या अंगाला एक असतंच. पाटी वाचायची गरज पडत नाही. वेखंड, धूप, सुंठ आणि पोत्याचं तरट यांचा मिळून एक वास येतो, त्याच्या मागे जावं. गल्ल्यावरच्या माणसाला 'हे ऑरगॅनिक आहे का?' असं विचारू नये. जंगलातून आलेल्या शेंगेला हा प्रश्न विचारणं म्हणजे वाघाला शाकाहारी आहेस का विचारण्यासारखं आहे, आणि गल्ल्यावरची माणसं असल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, चष्म्यावरून बघतात.

शेंग हातात घेऊन मोडून बघायची. चांगली शिकेकाई कडक असते, तांबूस तपकिरी, सुरकुतलेली, दोन बियांच्या मध्ये कंबर आवळल्यासारखी. मोडली की 'कट्ट' असा आवाज यायला हवा. वाकली तर ओल आहे. भोकं दिसली तर तिच्यात आधीच कुणीतरी राहतं आहे.

शिकेकाईचं झाड नसतं, वेल असते. सह्याद्रीच्या रानात ती मोठमोठ्या झाडांवर चढते आणि तिच्या अंगभर आकड्यांसारखे काटे असतात. कपडा अडकला तर कपडा सोडून यावं लागतं, असं शेंगा काढणारे सांगतात. या शेंगा सहसा कुणी शेतात पिकवून आणत नाही. थंडी सरता सरता रानात राहणारी माणसं त्या गोळा करतात. सरकारी भाषेत हे गौण वनोपज. ओरबाडलेल्या हातांना तो 'गौण' कसा वाटत असेल, देव जाणे. नावातली 'काई' दक्षिणेची आहे. तमिळ-कन्नडात 'काय', 'कायी' म्हणजे कच्चं फळ किंवा शेंग. त्यामुळे 'शिकेकाईची शेंग' म्हणताना आपण शेंगेची शेंग म्हणत असतो. हिंदीत काई म्हणजे शेवाळ. तिचा इथे काही संबंध नाही. निदान पायरी नववीपर्यंत तरी नाही.

पायरी तिसरी: प्रमाण

प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं आणि प्रत्येक घराला बाकीची सगळी चुकीची वाटतात. आमचं घ्या: शिकेकाई एक किलो, रिठे पाव किलो, आवळकाठी पाव किलो, मेथी १०० ग्रॅम, नागरमोथा १०० ग्रॅम, कपूरकाचरी १०० ग्रॅम, गव्हला ५० ग्रॅम, आणि वर्षभर चहाच्या डब्यामागे साठवलेल्या संत्र्याच्या साली, जेवढ्या मुंग्यांनी सोडल्या असतील तेवढ्या.

यातलं खरं काम शिकेकाई आणि रिठा करतात. बाकीची मंडळी लग्नातल्या वऱ्हाडासारखी आहेत, शोभेला आणि वासाला. नागरमोथ्याचे कंद सुगंधी असतात. शेतकरी ज्या लव्हाळ्याच्या नावाने बोटं मोडतो, त्याच्याच गोतातलं हे गवत, पण शिकेकाईच्या संगतीत त्याला मान मिळतो. मेथीने आणि जास्वंदीच्या पाल्याने पाण्याला बुळबुळीतपणा येतो आणि गुंता सुटायला मदत होते. कोकणात तर नुसता जास्वंदीचा पाला चुरगाळून त्या बुळबुळीत पाण्याने डोकी धुतात. परसात जास्वंद असेल तर या पुस्तिकेची तुम्हाला गरज नाही, पुढल्या पायऱ्या सोडून दिल्यात तरी चालेल.

दुकानदार जटामांसी घ्या म्हणेल. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवते, मुळासकट खणून खणून दुर्मीळ झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तुमच्या रविवारच्या अंघोळीसाठी तिने हिमालय सोडावा, असं मला तरी वाटत नाही. ब्राह्मी मागितलीत तर कुठली, ते विचारा. आपल्याकडे दोन वेगवेगळ्या वनस्पती हे नाव लावतात. एकीची पानं बारीक, मांसल. दुसरीची बेडकाच्या पायासारखी गोल, म्हणून ती मंडूकपर्णी. दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या ब्राह्मीसाठी जीव टाकतात. माका विकत घेऊ नका. तो भाताच्या बांधावर आणि गटाराच्या कडेला आपणहून उगवतो. पांढऱ्या फुलाचं हे साधं झुडूप चुरगळलं की त्याचा रस हवेने काळा पडतो. एवढ्या काळेपणावर त्याने केस काळे करण्याची कीर्ती मिळवली आहे.

सगळं दोन-तीन दिवस कडकडीत उन्हात घाला. रिठ्यातल्या बिया आधी काढा. त्या दगडासारख्या असतात, आणि गिरणीवाल्याशी तुमचा संबंध अजून यायचा आहे.

पायरी चौथी: गिरणी आणि शिंका

पिठाच्या गिरणीत शिकेकाई नेऊ नका. तुम्ही नेणारच, म्हणून सांगते. पिशवीतून शेंगांचा आवाज आला रे आला की गिरणीवाला पट्टा बंद करून तुमच्याकडे असं बघतो, जसं काही तुम्ही साप आणला आहे. मिरची कांडपवाले सुद्धा नाही म्हणतात. दिवसभर मिरचीच्या खाटात उभी राहणारी ती माणसं! त्यावरून काय ते ओळखा.

शिकेकाई दळणाऱ्या गिरण्या वेगळ्या असतात. 'येथे शिकेकाई दळून मिळेल' अशी पाटी असते, आणि पाटीच्या चारही बाजूंची घरं खिडक्या लावून बसलेली असतात. दळताना उठणारी पूड नाकात गेली की शिंका सुरू होतात. एक नाही, दोन नाहीत, मालगाडीच्या डब्यांसारख्या, संपल्यासारख्या वाटतात आणि मागून आणखी येतात. या शिंकांना शकुन-अपशकुन लागू नाहीत. वाण्याकडे जायला निघालेला माणूस एका शिंकेने परत फिरतो; शिकेकाईच्या गिरणीत त्या हिशेबाने कुणी जन्मात घरी पोचला नसता.

आमच्या लहानपणी गिरणी नव्हती, खलबत्ता होता. शिकेकाई कुटायचं काम आमच्या वाड्यात मोठ्या आत्यांकडे असे. त्या माझ्या आजोबांच्या थोरल्या बहीण. नाकावर ओल्या फडक्याची पट्टी बांधून त्या परसदारी बसत आणि एका लयीत कुटत. मग वस्त्रगाळ करत, म्हणजे जुन्या धोतराच्या तुकड्यातून पूड गाळत, आणि वरचा चोथा पुन्हा खलात घालत. वाया काही जात नसे. रविवारी आम्हां चौघी मुलींची डोकी त्याच धूत. हाताला असा जोर होता की टाळूवरचे विचारसुद्धा धुऊन निघत. धुऊन झालं की ओले केस पाठीवर सरळ करून कुठवर पोचले ते बोटांनी मोजत, आणि आकडा मनात ठेवत, पुढच्या महिन्यात ताडून बघायला. मी सहा-सात वर्षांची असेन. एकदा विचारलं, "आत्या, तुमचं डोकं कोण धुतं?" लाल आलवणाचा पदर कपाळावर पुढे ओढत त्या म्हणाल्या, "मला कोण कशाला लागतंय? माझं एका तांब्यात होतं."

मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं, ते १८९० साली. आत्यांचा जन्मसुद्धा त्याच्या नंतरचा. ती बातमी मुंबईहून आमच्या गावापर्यंत पोचायला किती वर्षं लागली, हे आत्यांच्या डोक्यावरून कळत होतं.

पूड कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घालू नका. वर्षभर टिकते.

पायरी पाचवी: वार

आता वार ठरवा. कुणाच्या घरी सोमवारी न्हायचं नाही, कुणाच्या घरी बुधवारी, कुणाकडे शनिवार वर्ज्य. एखाद्या वारी न्हालं तर भावाला जड, एखाद्या वारी नवऱ्याला. उपासाच्या दिवशी नाही, अमावास्येला नाही, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही. माहेरचे आणि सासरचे निषिद्ध वार एका कागदावर लिहून काढले की आठवड्यात साधारण रविवार उरतो. ही सोय कुणी केली ते माहीत नाही, पण गरम पाण्याचा बंब पेटवायला आणि न्हाऊ घालणारीला फुरसत मिळायला एकच दिवस बरा, हे धर्मशास्त्राच्या आधी कुणाच्या तरी आजीच्या ध्यानात आलं असणार.

पायरी सहावी: तेल

आदल्या रात्री तेल लावा. इथे नवशिक्यांचा हात सैल सुटतो. नमनालाच घडाभर तेल ओतू नका. शिकेकाई शॅम्पूइतकी निर्दय नसते, ती तेल काढते पण सगळं काढत नाही. टाळू भिजेल एवढंच तेल हवं. तळण्याइतकं घेतलंत तर उद्या तीनदा धुवावं लागेल आणि शिकेकाई खोटी असल्याचा निष्कर्ष निघेल.

पायरी सातवी: पाणी

खांद्याएवढ्या केसांना तीन मोठे चमचे पूड पुरते. ती रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजवा. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या आणि फडक्यातून गाळा. गाळलंच पाहिजे. न गाळता वापरणाऱ्यांच्या केसांतून पुढचे तीन दिवस कंगव्याबरोबर भुसा पडतो आणि ऑफिसात लोक कोंड्यावर औषध सुचवतात.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडाच्या कढईत उकळलंत तर पाणी काळंकुट्ट होतं, कारण आवळ्यातलं आणि शिकेकाईतलं टॅनिन लोखंडाशी जमतं. जुन्या काळी याच जमवाजमवीतून लिहिण्याची शाई करत. केसांना काळपट रंग यावा म्हणून आवळकाठी रात्रभर लोखंडी कढईत भिजवणाऱ्या बायका रसायनशास्त्र न शिकता शाईच करत असतात. उशीच्या अभ्र्यावर त्या शाईचा मजकूर सकाळी वाचायला मिळतो.

गाळलेलं पाणी हातात घेऊन घुसळा. थोडा, मळकट, लगेच बसणारा फेस येईल. टीव्हीवरच्या जाहिरातीत येतो तसा ढगासारखा फेस येणार नाही. इथे बरेच नवशिके हिंमत हरतात, आणि म्हणूनच रिठा घालतात. दोघांतही सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. या ओढाताणीत तेल सुटून पाण्याबरोबर निघून जातं. साबण करतो तेही हेच, पण साबण अल्कधर्मी असतो. त्याने केसावरची खवल्यांसारखी पापुद्री उचलली जाते आणि केस राठ होतात. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट, त्यामुळे खवले बसलेले राहतात आणि उजेड पडला की केस चमकतात. बोअरिंगच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि केसांवर चिकट साका बसतो, शिकेकाईचं तसं होत नाही. एवढी तारीफ पुरे.

उरलेलं पाणी टिकत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे एकदा ते चिंचेच्या कोळाशेजारी ठेवलं होतं आणि स्वयंपाक करणाऱ्याने आमटीत घातलं. आमटीला उकळी फुटली ती खाली बसेचना. फेस ओगराळ्याने काढावा तर नवा येई. सासरे ताटावर बसलेले. ते काही न बोलता आमटीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "आज वरण वाढा." शिकेकाईच्या कोवळ्या पाल्याची आंबट चटणी दक्षिणेकडे खातात खरी, पण रिठा हे खायचं काम नव्हे, पोटात गेला तर उलट्या होतात. आणखी एक. हे पाणी घरातल्या माशांच्या टाकीत किंवा ओढ्यात ओतू नका. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. रानात गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकतात आणि मासे भोवंडून वर येतात, ते याच विद्येच्या जोरावर.

पायरी आठवी: हात

आता ज्याच्यासाठी सगळी यातायात केली तो भाग.

पाटावर बसा. मान पुढे. डोळे मिटा आणि ते कुणीही काहीही म्हटलं तरी उघडू नका. 'डोळ्यांत तेल घालून काम कर' असं जे लोक सांगतात, त्यांनी डोळ्यांत रिठा घालून पाहिलेला नसतो. गेलाच तर चोळू नका, साध्या पाण्याचे हबके मारत राहा. पहिल्यांदाच वापरणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. नैसर्गिक आहे म्हणून खाजत नाही असं नाही, खाजकुइली पण नैसर्गिकच आहे.

न्हाऊ घालणाऱ्याने आधी केस कोमट पाण्याने पुरते भिजवावेत. मग शिकेकाईचं पाणी ओंजळीने टाळूवर सोडावं आणि बोटांच्या पेरांनी चोळावं, नखांनी नाही. क्रम असा: कपाळाच्या वरून मागे, टाळू, मग मान, मग कानांमागे. कानांमागे हमखास राहतं. चोळणं केसांना नसून डोक्याला असतं. केसांना खाली ओघळणारं पाणी पुरतं. लांब केस डोक्यावर गोळा करून घासणारे लोक कपडे धुवायच्या तयारीचे असतात, त्यांना मोरीवरून उठवावं.

इथे एका शब्दाची गोष्ट सांगायची राहू नये. 'शॅम्पू' हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातूनच. हिंदीतल्या 'चाँपना' म्हणजे दाबणे, रगडणे, याचा तो वंशज, आपल्या 'पाय चेपण्या'शेजारी शोभेल असा. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन मुहम्मद नावाचा गृहस्थ आयर्लंडमार्गे इंग्लंडला पोचला. १८१० मध्ये लंडनमध्ये त्याने हिंदुस्थानी खाण्याचं दुकान काढलं. ते चाललं नाही, तेव्हा तो ब्रायटनला गेला आणि वनौषधींच्या वाफेत लोकांची अंगं रगडून देऊ लागला. ही 'शॅम्पूइंग' इतकी गाजली की इंग्लंडच्या राजाचा शॅम्पू करण्याचा मान त्याला मिळाला. त्या वेळी शॅम्पू म्हणजे बाटली नव्हे, दुसऱ्याचे हात. शब्द केसांवर गेला आणि पुढे बाटलीत शिरला, ते नंतर. तमिळनाडूत कडलूरच्या 'चिक' शॅम्पूची सुरुवात १९८३ची. पुडीतला शॅम्पू तिकडून निघाला आणि आमच्या गावातल्या टपरीवर माळेसारखा लटकू लागला, तेव्हा वाड्यातल्या मुली आपापल्या वेळेला, आपापलं दार लावून न्हाऊ लागल्या. तक्रार नाही, मीही त्यांच्यातच होते. दर रविवारी मान खाली घालून आईची बोलणी ऐकण्यापेक्षा ती पुडी स्वस्त होती. न्हाऊ घालताना आई आठवडाभराची चौकशी उरकून घेई, आणि डोळे मिटलेल्या, मान झुकवलेल्या माणसाला खोटं बोलणं फार अवघड जातं.

पायरी नववी: फरशी

डोकं झालं, आता न्हाणीघर. पांढऱ्या टाइल्सवर तपकिरी ओघळ उठतात. लगेच घासा. जाळीवर केस आणि गाळ मिळून एक बुळबुळीत गोळा तयार होतो, तो हाताने काढावा लागतो. तिसऱ्या रविवारपर्यंत कोपऱ्यांत हिरवट पुट चढतं. पायरी दुसरीत हिंदीतल्या काईबद्दल म्हटलं होतं, ती ही.

पायरी दहावी: वाळवणं

पंचा घ्या, टॉवेल नको. केस झटकू नका, पंच्यात गुंडाळून पाणी टिपा आणि उन्हाकडे पाठ करून बसा. पूर्वी शेगडीत निखाऱ्यांवर धूप घालत, वर वेताची टोपली उपडी घालत आणि तिच्यावर केस पसरून धुरी देत. बाळंतिणीच्या खोलीतला वास तोच. फ्लॅटमध्ये हे करून बघितलं तर वरच्या मजल्यावरचे लोक आगीचा बंब बोलावतात. गॅलरीतलं ऊन पुरतं.

काय होईल, काय होणार नाही

केस मऊ आणि हलके लागतील, उन्हात चमकतील, आणि दिवसभर त्यांना ओल्या मातीसारखा, किंचित आंबट वास येईल. लिफ्टमध्ये कुणीतरी तो ओळखेल आणि काही न बोलता आपल्या आजीपाशी जाऊन येईल.

नवे केस येणार नाहीत. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला काहीही पाजलं तरी तो पीत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतात. हे हिशेब शिकेकाईने बदलत नाहीत. पांढऱ्याचे काळे होत नाहीत. झुपक्यांनी गळत असतील किंवा टाळूवर चट्टे दिसत असतील तर डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे येऊ नका, मावशीकडे तर नकोच. आणि 'शिकेकाईयुक्त' बाटली घेताना मागची घटकांची यादी खालून वर वाचा, शिकेकाई लवकर सापडेल.

ही पुस्तिका मी कुठल्या अधिकाराने लिहिते आहे, ते आता सांगायला हवं. शिकेकाईपुरती मी फक्त मान खाली घालणारी होते. गेल्या हिवाळ्यात आईचा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना. ती शहाऐंशी वर्षांची आहे. शॅम्पू ती 'तो साबण' म्हणते आणि लावून घेत नाही. तेव्हा दुकान, ऊन, गिरणी, शिंका, सगळं मी पहिल्यांदा केलं, आणि रविवारी तिला पाटावर बसवून तांब्या हातात घेतला. पहिल्या रविवारी पाणी फार गार होतं. दुसऱ्या रविवारी मी गाळायला विसरले. तिसऱ्या रविवारी नखं लागली.

तिचे केस आता पांढरे, विरळ आणि फार मऊ आहेत. एक चमचा पूड पुरते. मागच्या रविवारी वरचा सगळा क्रम मी नीट पाळला, कपाळ, टाळू, मान. चोळून झालं, सावकाश तांब्या ओतला, मग दुसरा. पाणी स्वच्छ निघायला लागलं. पंचा तिच्या खांद्यावर टाकून मी म्हटलं, "झालं."

आईने मान वर केली नाही. "कानामागे राहिलंय," ती म्हणाली. "आणि आता जरा गरम घे."